कायम की बदली? जॉबचा ताण आणि फ्रीलान्सचा ताण, जरा उलगडून

माझे आजोबा लालबागला राहायचे आणि गिरणीत बदली होते. आता बदली म्हटलं की लोकांना ट्रान्सफर वाटते, पण गिरणीतला बदली म्हणजे ज्याची स्वतःची कायम जागा नाही असा कामगार. पाळी सुरू व्हायच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं, कुणी कायमवाला आला नाही तर त्याच्या जागी आत घेणार, सगळे आले तर परत घरी. आजी रोज डबा भरूनच द्यायची. अर्ध्या तासात जिन्यात चपला वाजल्या की समजायचं आज काम नाही, मग तोच डबा घरी बसून खायचे. आजी सांगायची, काम नाही हे आदल्या रात्री कळलं असतं तर माणूस निदान झोपला तरी असता.

आता गंमत बघा. त्याच गिरणगावात, लोअर परळला, गिरण्यांच्या जागी जी काचेची ऑफिसं झाली त्यातल्या एका जाहिरात एजन्सीत मी नऊ वर्षं कायम होते, आर्ट डायरेक्टर म्हणून, आणि गेली पाच वर्षं डोंबिवलीत घरून फ्रीलान्स करतेय. म्हणजे आजोबांचीच पोस्ट, फक्त गेट आता व्हॉट्सअ‍ॅपवर आहे.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे मागच्या महिन्यात जुन्या ऑफिसातल्या एका ज्युनियरचा रात्री पावणेबाराला फोन आला, करी रोडच्या प्लॅटफॉर्मवरून, मागे अनाउन्समेंट चालू. "ताई, सोडू का गं जॉब? तुझं बरंय, कुणाची कटकट नाही." मी त्याच वेळी एका क्लायंटच्या अकाउंट्सवाल्याला तिसरा रिमाइंडर कसा लिहू म्हणजे तो चिडणार नाही यावर डोकं खाजवत बसले होते, त्यामुळे मला आधी हसूच आलं. पोरगा त्याच्या सगळ्यात वाईट मंगळवारची तुलना माझ्या सगळ्यात चांगल्या मंगळवारशी करत होता, आणि खरं सांगायचं तर जॉब सोडताना मीही हेच केलं होतं. त्याला फोनवर जे धड सांगता आलं नाही ते इथे लिहितेय.

पहिली गोष्ट, ताण हा एकच एक पदार्थ नसतो की याला दोन किलो आणि त्याला तीन किलो. या विषयावर बरंच संशोधन झालंय आणि त्यातला सगळ्यात कामाचा धागा १९७९ चा आहे, रॉबर्ट कॅरासेक नावाच्या अभ्यासकाचा. त्याने अमेरिका आणि स्वीडनमधल्या नोकरदारांची माहिती तपासली आणि एक साधी मांडणी केली: कामात दोन गोष्टी बघा, तुमच्याकडून मागणी किती आहे आणि त्या कामावर तुमचा ताबा किती आहे. मागणी भरपूर पण ताबाही भरपूर असेल तर माणूस दमतो पण मोडत नाही, उलट शिकतो. मागणी भरपूर आणि ताबा शून्य, हे कॉम्बिनेशन मात्र माणसाला आतून खातं. आपल्याला वाटतं हार्ट अटॅक साहेबांना येतात कारण त्यांच्या डोक्यावर जबाबदारी, पण लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवर वर्षानुवर्षं जो अभ्यास झाला त्यात उलटंच दिसलं, खालच्या हुद्द्यावरच्या लोकांना हृदयविकाराचा धोका जास्त, आणि आपल्या कामावर आपला ताबा नसणं हे त्यातलं एक मोठं कारण निघालं.

आता हे एजन्सीला लावा. ब्रीफ, म्हणजे क्लायंटला काय हवंय त्याचा कागद, येतं सोमवारी, तुम्ही तीन दिवस जीव ओतून काहीतरी करता, मग ते क्रिएटिव्ह डायरेक्टर बघणार, मग क्लायंट सांभाळणारे सर्व्हिसिंगवाले, मग क्लायंटचा ब्रँड मॅनेजर, मग त्याचा साहेब, आणि शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता मेल येणार की पिवळा जरा कमी उन्हाळी करता येईल का, सोमवारी सकाळी हवंय. तो पिवळा का बदलायचा हे कुणालाच माहीत नसतं. विचारायची सोय नसते. वर ते तुम्ही केलेलं असतं, तुमच्या डोक्यातून आलेलं, त्यामुळे साध्या करेक्शनचाही थोडासा का होईना मार बसतो. अकाउंटंटला कुणी सांगितलं की बेरीज चुकली तर तो बेरीज परत करतो, डिझायनरला मात्र आपणच चुकलो असं वाटतं. (हे शिकवून जात नाही, मी प्रयत्न केलाय.)

तर जॉबचा ताण हा मुख्यतः या प्रकारचा, ताब्याचा. त्यात तास मिळवा. जागतिक आरोग्य संघटना आणि आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) यांनी २०२१ मध्ये मांडलेला हिशोब असा की आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा स्ट्रोकचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्के जास्त. पिच, म्हणजे नवीन काम मिळवायचं प्रेझेंटेशन, असला की आमच्याकडे ५५ हा आकडा गुरुवारीच ओलांडला जायचा, आणि डोंबिवली ते परळचे येण्याजाण्याचे तीन तास त्यात धरलेले नाहीत.

पण जॉबमध्ये एक गोष्ट असते जिची किंमत ती गेल्यावर कळते. १ तारखेला मोबाइल टिंग करतो. तुम्ही त्या महिन्यात काहीही दिवे लावलेले असोत. पीएफ कापला जातो, ऑफिसची मेडिक्लेम असते, आजारी पडलात तर सिक लीव्ह, कायद्यात बसणाऱ्या बाईला बाळंतपणाची २६ आठवड्यांची पगारी रजा, २०१७ पासून. फ्रीलान्सवालीला बाळंतपणात काय मिळतं? क्लायंटचा मेसेज, "काँग्रॅट्स!! तेवढी ओपन फाइल पाठवून ठेव."

फ्रीलान्सचा ताण वेगळ्या जातीचा आहे आणि आजीने तो बरोबर ओळखला होता. २०१६ मध्ये लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये एक प्रयोग झाला. ४५ जणांना कॉम्प्युटरवर एक खेळ खेळायला बसवलं, दगड उलटायचे, खाली साप आहे की नाही याचा अंदाज करायचा, आणि साप निघाला की हाताला विजेचा छोटा झटका. सोबत घाम, डोळ्यांच्या बाहुल्या वगैरेंवरून शरीरावर किती ताण येतोय ते मोजत होते. आता आपल्याला वाटेल झटका नक्की बसणार हे माहीत असताना सगळ्यात जास्त ताण येईल. तर नाही. सगळ्यात जास्त ताण आला शक्यता फिफ्टी-फिफ्टी असताना. झटका नक्की बसणार हे माहीत असलेले लोक त्या मानाने निवांत.

कारण सोपं आहे. वाईट गोष्ट नक्की असेल तर शरीर तिची एकदा तयारी करून मोकळं होतं. नक्की नसेल तर डोकं दोन्हीकडची तयारी करत राहतं आणि भोंगा बंदच होत नाही. "हो, बजेट अप्रूव्ह झालंय ऑलमोस्ट, नेक्स्ट वीक कन्फर्म करतो" हे वाक्य म्हणजे तो दगड. नेक्स्ट वीकसाठी तुम्ही दुसरं काम सोडता, आणि मग दगड काही उलटत नाही, पुढच्या आठवड्यावर जातो. सरळ नाही म्हणणारा क्लायंट मला हल्ली देवमाणूस वाटतो.

यात पैशाचा भाग आला की अजून एक गोष्ट होते. तामिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास २०१३ मध्ये छापून आला होता. उसाचं कसं, पैसा वर्षातून एकदा हातात येतो, म्हणजे कापणीच्या आधी तोच माणूस कडकीत आणि कापणीनंतर बऱ्या स्थितीत. ४६४ शेतकऱ्यांना दोन्ही वेळेला बुद्धीच्या साध्या चाचण्या दिल्या तर कडकीच्या काळात त्याच माणसांचे निकाल खाली आले होते. या अभ्यासावर नंतर टीकाही झाली, पण मला त्यातला मुद्दा अनुभवाने पटतो: पैशाची चिंता डोक्यात मागे चालू राहते, मोबाइलमध्ये एखादं अ‍ॅप बॅकग्राउंडला चालू राहून बॅटरी खातं तशी. ज्या महिन्यात दोन पेमेंट अडकलेली असतात त्या महिन्यात माझे लेआउट घाबरट होतात. मग तेच क्लायंटला आवडत नाहीत, मग करेक्शन वाढतात, मग पेमेंट अजून लांबतं. फ्रीलान्सरचा पैसा हा उसाचा पैसा आहे आणि घरभाडं मात्र दुधाच्या बिलासारखं दर महिन्याला येतं, सगळी गोची इथे आहे.

मुंबईत हे उशिरा पैसे देणं इतकं अंगवळणी पडलंय की टीव्हीच्या धंद्यात काम केल्यावर ९० दिवसांनी पेमेंट ही वर्षानुवर्षांची रीत आहे, त्याला कुणी थकबाकी म्हणत पण नाही. जाहिरातीत ६० दिवस सांगतात आणि मग पीओ (परचेस ऑर्डर) निघाला नाही, व्हेंडर कोड बनला नाही, सही करणारे सर सुट्टीवर आहेत असं करत करत वाढवतात. माझा एक इन्व्हॉइस सात महिने फिरत होता आणि शेवटी कळलं की तो कुणी सिस्टिममध्ये टाकलेलाच नाही. आणि वर्षाच्या बिलांची बेरीज २० लाखांच्या वर गेली, जीएसटी लागू झाला, की अजून मजा: साधारणपणे इन्व्हॉइस काढलात की त्यावरचा १८ टक्के कर सरकारला भरायचा, क्लायंटने पैसे दिलेत की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

याबाबतीत एक कायदा आहे जो आमच्यातल्या फार थोड्या लोकांना माहितेय म्हणून जरा थांबून सांगते. लघुउद्योगांसाठीचा २००६ चा एमएसएमई कायदा आहे, त्यात फ्रीलान्स डिझायनर, एडिटर, लेखकही सेवा देणारा छोटा उद्योग म्हणून बसतात. सरकारच्या उद्यम पोर्टलवर आधार आणि पॅन घेऊन रजिस्ट्रेशन करायचं, फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. त्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी पेमेंटची मुदत ४५ दिवसांच्या वर नेता येत नाही, करार नसेल तर १५ दिवस, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. आता तुम्ही म्हणाल, क्लायंटवर व्याज लावलं तर पुढचं काम कोण देईल? बरोबर, मीही कधी लावलं नाही. पण असेसमेंट इयर २०२४-२५ पासून इन्कम टॅक्समध्ये असं झालंय की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल त्या मुदतीत दिलं नाही तर कंपनीला तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत करातून वजा करता येत नाही. त्यामुळे मार्च जवळ आला की अकाउंट्सवाले स्वतः यादी काढतात कोण कोण उद्यमवाले आहेत. इन्व्हॉइसवर उद्यम नंबर मोठ्या अक्षरात टाका, एवढंच. भांडण नाही, काही नाही, फक्त रांगेत आपला कागद थोडा वर येतो.

बरं, मग ताब्याचं काय? फ्रीलान्समध्ये ताबा आपला, आपणच आपले बॉस, असं सगळे म्हणतात. इथेच सगळ्यात मोठी गफलत आहे असं माझं मत आहे. ताबा म्हणजे दुपारी दोनला झोपता येणं नव्हे, ताबा म्हणजे नाही म्हणता येणं. आणि नाही म्हणता येतं की नाही हे तुमच्या स्वभावावर कमी आणि बँक बॅलन्सवर जास्त अवलंबून असतं. फ्रीलान्सच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे दीड महिन्याचा खर्च बाजूला होता आणि एकाच क्लायंटकडून जवळजवळ सगळा पैसा यायचा. तो रविवारी फोन करायचा, मी उचलायचे. रेट कमी कर म्हणायचा, करायचे. म्हणजे मागणी जॉबसारखीच, ताबा जॉबपेक्षा कमी, आणि १ तारखेची टिंग पण नाही. त्या वर्षी मी फ्रीलान्सर नव्हतेच, पीएफ नसलेली नोकर होते. दोन्हीकडचं वाईट तेवढं घेतलेलं.

फरक पडला तो दोन गोष्टींनी. एक म्हणजे मी वेगळं खातं उघडलं, येईल तो पैसा सगळा त्यात, आणि त्यातून स्वतःला १ तारखेला ठरलेला पगार, मोठं पेमेंट आलं तरी तेवढाच आणि काहीच नाही आलं तरी तेवढाच. ऐकायला बालिश वाटतं, पैसा तोच आहे, पण महिन्याला एक अनिश्चित गोष्ट कमी होते. आणि त्या खात्यात चार महिन्यांचा खर्च साठला तेव्हा मला झोप लागायला लागली. कुणाला सहा लागतील, कुणाला दोन पुरतील, घरात दुसरा पगार आहे का, घर स्वतःचं आहे का, आईवडिलांचं औषधपाणी आहे का त्यावर आहे. (आपल्याकडे "पॅशन फॉलो केली" सांगणाऱ्या बऱ्याच जणांचा दादरला वडिलोपार्जित फ्लॅट असतो, ते कुणी पोस्टमध्ये लिहीत नाही.) दुसरी गोष्ट, एका क्लायंटकडून एकतृतीयांशपेक्षा जास्त पैसा येऊ द्यायचा नाही असं ठरवलं. दर वर्षी जमतंच असं नाही.

कॅरासेकच्या मांडणीत पुढे अजून एक गोष्ट जोडली गेली, ती म्हणजे साथ. कामाच्या ठिकाणी आपलं कुणी आहे का. एजन्सीत मी टपरीवरच्या कटिंगला वेळ वाया घालवणं समजायचे, पण क्लायंटला शिव्या घालायला सात जण बरोबर असले की निम्मा ताण तिथेच उतरतो. घरी कुणाला सांगणार? शेजारच्या काकू म्हणतात, "घरीच असतेस ना, गॅसवाला आला तर तेवढा सिलिंडर घे." सासूबाईंना पाच वर्षांनी सुद्धा मी सध्या सुट्टीवर आहे असं वाटतं. सिनेमावाल्यांचं बरं आहे, लेखकांची स्क्रीनरायटर्स असोसिएशन आहे, पैशाच्या आणि क्रेडिटच्या भांडणात मध्ये पडणारी तिची कमिटी आहे, स्पॉटबॉयपासून एडिटरपर्यंत वेगवेगळ्या क्राफ्टच्या युनियन आहेत. ग्राफिक डिझायनरला असं काही नाही. आम्ही चौघी मैत्रिणींनी एक ग्रुप काढलाय, त्यावर एकच नियम आहे की रेट खरा सांगायचा. कोण किती घेतं हे कळल्यावर पहिल्या महिन्यात दोघींनी रेट वाढवले.

अजून एक छोटी गोष्ट, कामातून डोकं बाहेर काढणं. जर्मनीतल्या साबिने झोनेन्टाग यांचं यावर बरंच काम आहे, की सुट्टीच्या वेळात मनाने पण काम सोडलं तरच थकवा भरून येतो, नुसतं लॅपटॉप मिटून चालत नाही. नोकरीत लोकल हे काम आपोआप करायची, चेंगराचेंगरीत का असेना, ऑफिस आणि घर यांच्यात एक पडदा होता. वनबीएचकेमध्ये डायनिंग टेबल हेच ऑफिस असलं की तो पडदा जातो. मी साडेसहाला खाली उतरून फडके रोडला एक चक्कर मारते आणि परत आले की ऑफिसमधून आले असं धरते. लॅपटॉप कपाटात. पाहुणी म्हणून आल्यासारखं वाटतं सुरुवातीला, स्वतःच्याच घरात.

हे सगळे उपाय साध्या ताणाचे. बर्नआउट वेगळं. त्याला २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आजार न म्हणता कामामुळे येणारी अवस्था म्हटलंय आणि तीन खुणा दिल्यात: ताकद संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा, आणि आपल्याच्याने आता काही होत नाही असं वाटत राहणं. क्रिएटिव्ह माणसात दुसरी खूण नीट बघा, कारण आमच्याकडे कडवट बोलणं हे स्टाइल म्हणून खपतं. त्याच्याही पुढे गेलं, झोपच उडाली, जगणं नको वाटायला लागलं, तर आता ना जॉब बदलायचा विचार ना फ्रीलान्सचा, आधी डॉक्टर. टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

तर त्या ज्युनियरला मी दुसऱ्या दिवशी फोन केला आणि सल्ला न देता विचारलं, तुला नेमकं काय नकोय, काम की साहेब की वेळ? तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, काम आवडतं, रात्री साडेअकरा नको. मग खर्च विचारला, महिन्याला ३१ हजार, बाजूला ठेवलेले ४० हजार. म्हणजे सव्वा महिना. मी म्हटलं, १९८२ च्या संपात बदलींना कायम करा ही एक मागणी होती, माझे आजोबा त्यासाठी घरी बसले आणि परत कधी आत गेले नाहीत, आणि तू आतून बाहेर यायचं म्हणतोयस, ये, पण डबा तरी भरून ये. आधी स्वतःची मेडिक्लेम काढ, आत असतानाच, म्हणजे वेटिंग पीरियड (काही आजारांचे क्लेम मिळत नाहीत तो सुरुवातीचा काळ) सुरू होतो. पैसे साठव. आणि तोपर्यंत साहेबाला एकदा सरळ विचार की आठवड्यातले दोन दिवस आठला निघालं तर चालेल का.

त्याला वाटलं होतं साहेब ओरडेल. साहेब म्हणाला, मंगळवार आणि गुरुवार चालेल, पिच नसेल तर. परवा त्याचा मेसेज होता, आठ बावीसची गाडी मिळाली. बसायला अर्थातच नाही मिळालं.